सुजाताची वही आणि माझं ‘होय’

माझ्या बायकोला वाटतं, माझे सगळे अवगुण तिला पाठ आहेत. यादी लांब आहे, आणि पाहुणे आले की ती म्हणूनही दाखवते. पण हे तिच्या यादीत नाही. आईला कधी सांगितलं नाही, जिवाभावाच्या मित्रांना नाही — ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माणसाला सगळं बोलून मोकळं व्हावंसं वाटतं, तेव्हासुद्धा मी विम्याचे कागद कुठे आहेत एवढंच सांगितलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं तोंड मला रोज बघायचं नाही. भित्रेपणा आहे हा. पण या गोष्टीत माझ्याकडून दुसरं काय होणार?

गोष्ट एका सेटिंगची आहे. हसू नका. कॉम्प्युटरच्या पोटातली एक सेटिंग — होय किंवा नाही, एवढंच उत्तर मागणारी. मी ‘होय’ म्हटलं. पण नुसतं तेवढंच असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो. चुका सगळ्यांच्या होतात ना?

साल नव्व्याण्णव. नगरला माझा कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि मागच्या खोलीत मी सुटे भाग आणून मशिनं जोडायचो. लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम तेव्हा आमच्याकडे नवी होती. आख्ख्या जिल्ह्यात ती येणारा मी एकटाच, असा माझा समज होता. उथळ पाण्याला खळखळाट फार — तो खळखळाट मी रोज क्लासमध्ये करायचो.

या सिस्टीमचा जो गाभा असतो, कर्नल म्हणतात त्याला, तो तेव्हा आपल्या मशिनीला बेतून घ्यावा लागायचा. बेतताना तो शेकडो प्रश्न विचारायचा. हे हवं का? ते वापरू का? नुसतं एंटर मारलं की आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर लागू व्हायचं — डिफॉल्ट. मी हे सगळे प्रश्न एकदा बसून सोडवले, माझी उत्तरं हीच डिफॉल्ट करून टाकली आणि त्याची एक सीडी केली. तीच सीडी आम्ही शाळेत लावायचो, दवाखान्यात लावायचो, दूध संघात लावायचो. क्लासमधल्या मुलांना मी सांगून ठेवलं होतं, एंटर मारत जा, विचार मी केलेला आहे.

विचार मी केलेला आहे. काय तो रुबाब!

त्यातला एक प्रश्न हार्ड डिस्कबद्दल होता. डिस्क आणि बाकीचं मशीन यांच्यामध्ये माहिती ने-आण करायचा एक रस्ता असतो, त्याला बस म्हणतात. त्या रस्त्यावरून माहिती दोन तऱ्हेनं आणता येते. दूध डेअरीचंच उदाहरण देतो. एक तर सचिवानं प्रत्येकाचं दूध स्वतःच्या हातानं मापून टाकीत ओतायचं. वेळ लागतो, पण मापावर डोळा राहतो. नाहीतर ज्यानं त्यानं येऊन आपली किटली थेट टाकीत ओतायची आणि सचिवानं आपलं दुसरं काम करायचं. काम झपाट्यानं उरकतं. पण टाकी, नळी, किटली सगळं चोख असेल तरच. प्रश्न असा होता — ही थेट ओतायची पद्धत आपोआप चालू करू का? प्रश्नाखाली मदतीचा मजकूर असायचा. त्यात साफ लिहिलेलं होतं की काही यंत्रांवर यामुळे माहितीचं नुकसान झाल्याची शंका आहे, तुमचं यंत्र जरा जरी बेभरवशाचं वाटलं तर ‘नाही’ म्हणा. मूळ उत्तर ‘नाही’ असंच होतं. जगभरच्या शहाण्या माणसांनी ठरवलेलं.

मी तो मजकूर वाचला होता. हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझ्याच मनात पळवाट निघेल. मी वाचला होता, आणि मला कळलाही होता.

माझी यंत्रं बेभरवशाची होती का? होतीच. बोर्ड स्वस्तातले, डिस्का कधी कधी वापरलेल्या, आणि कॅबिनेट मोठं म्हणून मी आतली केबल घ्यावी त्याहून हातभर लांब घ्यायचो. तरी मी ‘होय’ केलं. कारण ऐकायचंय? कर्जतच्या दूध संघात दोन विक्रेत्यांना बोलावलं होतं, एक पुण्याचा आणि एक मी. त्याच्याकडे टाय होता. त्याच्या मशिनीवर नमुना म्हणून भरलेली गाईंची यादी यायला अकरा मिनिटं लागली. माझ्या मशिनीवर चार. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकून बसले आणि म्हणाले, “आरं, ह्ये तर पळतंय!” त्या एका वाक्यासाठी. पी हळद अन् हो गोरी — तसली माझी घाई.

आता सुजाताबद्दल. इथे मला थांबत थांबत लिहावं लागणार.

त्या संघात जनावरांचे एक डॉक्टर होते. गेली सात वर्षं ते एकच ध्यास घेऊन बसले होते. कर्जतसारख्या भागात, जिथे फाल्गुन सरला की हिरवा चारा दिसत नाही, तिथे उन्हातही दुधाला टिकणारी संकरित गाय कोणती? त्यासाठी कोणत्या गाईला कोणत्या वळूचं रेत दिलं, कालवड झाली की गोऱ्हा, त्या कालवडीनं पुढे किती दूध दिलं, याची कार्डं त्यांनी गावोगावहून जमवली होती. खोलीभर कार्डं. ती कॉम्प्युटरवर चढवायला सुजाताला नेमलं. खर्ड्याची मुलगी, बौद्ध घरातली. वडील रस्त्याच्या कामावर मैलकुली. कर्जतला मामाकडे राहून तिनं टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि संघानं घेतलेल्या चाचणीत ती पहिली आली होती. नेमणूक तात्पुरती होती. काम नीट पार पडलं की कायम करू, असं तिला सांगितलेलं. घरात कायम नोकरी लागणारी ती पहिलीच ठरणार होती. वडिलांनी गावात आधीच सांगून टाकलं होतं, की माझी पोरगी हापिसात कॉम्प्युटर चालवती.

मी पंधरा दिवसांतून एकदा एस.टी.नं कर्जतला जायचो. ती माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण मी अहोजाहो करायचो आणि ती मला सर म्हणायची. मला सर म्हणणारे पुष्कळ होते. पण माझं बोलणं जसंच्या तसं खरं धरणारी ती एकटी.

माझ्या प्रोग्राममध्ये गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर पुरेसा होता. सुजातानं मला गाईच्या नावासाठी एक रकाना वाढवायला लावला. म्हणाली, “सर, नंबर डाक्टरांना कळतो. गाईवाल्याला इचारलं तर तो म्हनतो आमची चांदनी. मंग मी कुठं हुडकू?” मला हसू आलं, पण रकाना वाढवला. मग तिथे चांदणी, मोरणी, सगुणा, पवळी, रत्नी अशी नावं भरत गेली. मिरजगावच्या एका म्हाताऱ्यानं आपल्या गाईचं नाव सूनबाई ठेवलं होतं, तेही तिनं इमानेइतबारे टाइप केलं. ती कार्डं वाचता वाचता तिला गाई पाठ झाल्या. डॉक्टर मशिनीला विचारायच्या आधी तिलाच विचारायचे.

मशीन बंद कसं करायचं, ते मी तिला पहिल्या दिवशी शिकवलं. बटण थेट दाबायचं नाही. आधी ‘सिंक’ हा हुकूम द्यायचा — म्हणजे मशिनीच्या मनात जे आहे ते सगळं डिस्कवर उतरतं. तो तीनदा द्यायचा. एकदा, दोनदा, तीनदा. मग थांबायचा हुकूम, मग पडद्यावर निरोप येईपर्यंत वाट बघायची, आणि मग बटण. तीनदा का? जुन्या जाणत्यांची रीत होती ती. मला नेमकं कारण माहीत नव्हतं. मी चेहरा गंभीर करून म्हणालो, “तीन म्हणजे तीन.”

तिनं तपकिरी पुठ्ठ्याची एक वही सुरू केली. रोज संध्याकाळी तारीख, बंद केल्याची वेळ, आणि पुढे बरोबरच्या तीन खुणा. हुकूम दिला की खूण, हुकूम दिला की खूण. मी ती वही बघितली तेव्हा थट्टा केली होती — अहो, देवाला पण माणसं एवढं नेमानं निरांजन लावत नाहीत. ती लाजली, पण खुणा करायची थांबली नाही.

उन्हाळ्यात एकदा गेलो तर तिनं वहीची मागची पानं उघडून माझ्यापुढे ठेवली. “सर, ह्ये बगा. मदीच पडद्यावर काय तरी येतंय आन् जातंय. मला कळंना, म्हनून उतरून घेतलंय.” इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, सगळं एकेक करून उतरवलेलं. अर्थ न कळता उतरवलेलं, म्हणूनच एकही चूक नव्हती. त्या ओळी डिस्कच्याच होत्या. थेट ओतताना माप जुळत नाही, सांडतंय — हेच मशीन परत परत सांगत होतं. तारखांसकट. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज.

मला कळलं. तिथेच, उभ्या उभ्या कळलं. सेटिंग ‘नाही’ करायला मला दहा मिनिटं पुरली असती. पण मग यादीला अकरा मिनिटं लागली असती, आणि अध्यक्षांनी विचारलं असतं, का हो, पळायचं थांबलं का तुमचं घोडं? मी काय केलं असेल? मी तिला म्हणालो, “काही नाही हो. लाईटचा प्रॉब्लेम आहे. व्होल्टेज कमी-जास्त होतंय.”

आमच्याकडे तेव्हा काहीही बिघडलं तरी आरोपी ठरलेला असायचा. मोटार जळाली, लाईट. टीव्ही गेला, लाईट. लाईटला कुणी उलट प्रश्न विचारत नाही, आणि लाईट कधी साक्षीला येत नाही. सुजातानं मान डोलावली. मग मी तिच्या खुर्चीवर बसलो आणि ते निरोप पडद्यावर दिसणंच बंद करून टाकलं. तिला म्हणालो, “आता त्रास होणार नाही.” तिनं मला चहा आणून दिला.

त्याच दिवशी कार्डांचा ढीग पाहून मी मॅनेजर अण्णांना म्हणालो होतो की नोंद झालेली कार्डं आता कशाला जागा अडवतायत? ती रद्दीत गेली. सुजाता म्हणाली होती, “ऱ्हाऊ द्या की सर थोडे दिस.” माझ्या शब्दापुढे तिचं कोण ऐकणार?

पुढे तीन महिने सगळं ठीक दिसत होतं. मध्ये एकदा डॉक्टर हसत म्हणाले, तुमच्या मशिनीनं एका कालवडीला तिच्या आजीच्या आधी जन्माला घातलंय. टाइप करताना झालं असेल, मी म्हणालो. बघा, किती सहज सुजाताचं नाव घेतलं मी — तेही न घेता.

मग एका सोमवारी सकाळी निरोप आला की मशीन उठत नाही. पहिल्या गाडीनं गेलो. सुजाता दारात उभी होती. शनिवारी ती पाच चाळीसला मशीन बंद करून खर्ड्याच्या गाडीला गेली होती. सहाला नेहमीप्रमाणे लाईट गेली. सोमवारी बटण दाबलं तर पडद्यावर नुसता गोंधळ. तिनं वही माझ्या हातात दिली. “सर, सगळं लिवलंय बगा. तुमी दावा त्यांना.” मी ती वही बॅगेत ठेवली.

डिस्क दुरुस्त करायचा प्रोग्राम चालवला. ज्या तुकड्यांचा पत्ता लागत नाही ते तुकडे तो एका कप्प्यात नेऊन टाकतो, ‘हरवले-सापडले’ अशा अर्थाचं त्या कप्प्याचं नाव असतं. तो उघडला तर आत गाई होत्या. चांदणी — कुणाची, पत्ता नाही. सगुणा, पण पुढचं दूध दुसऱ्याच गाईचं. काही नावं अर्धीच. सूनबाई मिरजगावात नव्हती, ती एका वळूच्या रकान्यात गेली होती. मग मी फ्लॉप्या तपासल्या. सुजाता दर शनिवारी न चुकता नक्कल काढून ठेवायची. गेल्या आठवड्याची नासलेली. गेल्या महिन्याची नासलेली. त्याच्या आधीच्या महिन्याचीही. उन्हाळ्यातली तेवढी अर्धीमुर्धी बरी.

आता हे नीट ऐका, कारण हे त्या इमारतीत फक्त मला वाचता येत होतं. बटण एका संध्याकाळी दाबलं जातं. हे दुखणं तीन महिने मुरलेलं होतं. त्या फ्लॉप्याच सांगत होत्या की हे सुजाताचं काम नाही. आणि माझ्या बॅगेत वही होती. पुढच्या पानांवर रोजच्या तीन खुणा, मागच्या पानांवर तिनं मला वेळेवर दाखवलेला प्रत्येक निरोप. माझ्याकडे तिच्या निर्दोषपणाचे दोन-दोन पुरावे होते. आणखी काय लागतं माणसाला?

अकरा वाजता मॅनेजर अण्णांच्या खोलीत बसलो. अण्णा, डॉक्टर, मी, आणि भिंतीला लागून उभी सुजाता. तिला बस म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. डॉक्टर मान खाली घालून बसले होते. सात वर्षं गेलेल्या माणसाकडे बघवत नाही. अण्णाच बोलत होते. शनिवार होता, हिला गावाची गाडी धरायची होती, घाईघाईत बटण तसंच दाबलं असणार — त्यांचं ठरलेलं होतं. मग ते खाली बघत म्हणाले, “ह्यांच्या हातात दिलं की आसंच हुतंय.” ह्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. मला कळलं. तिलाही कळलं. मी अण्णांच्याच भावकीतल्यासारखा, पन्नास एकरांच्या घरातला. मी तिथे ‘असं बोलू नका’ एवढं जरी म्हटलं असतं तरी त्यांना ऐकावं लागलं असतं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

अण्णांनी मला विचारलं, “तुमी जानकार. बटन डायरेक बंद केल्यावर आसं हुतं का?”

मी म्हणालो, “होऊ शकतं.”

बघा, वाक्य खरं आहे. कुठल्याही पुस्तकात सापडेल. बटण थेट बंद केलं तर असं होऊ शकतं. त्या खऱ्या वाक्याआड मी लपलो, आणि ते मला पुरेल एवढं मोठं होतं.

सुजाता म्हणाली, “सर, मी तीनदा करते. रोज. वही दिलीया ना तुमच्याकडं.”

डॉक्टरांनी मान वर केली. “कसली वही?”

एवढा वेळ मी गप्प राहिलो, अर्धवट बोललो, टाळलं — हे सगळं सांगून झालं. आता जे सांगायचं ते सांगतो. मी म्हणालो, “वही पाहिली मी. तीत विशेष काही नाही. एखाद्या वेळी राहून जातं हो माणसाकडून.”

बॅग माझ्या पायाशी होती. कुणीही म्हटलं असतं दाखवा, तर दाखवावी लागली असती. कुणी म्हटलं नाही. सुजातानंही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, राग असता तर मी सोसला असता. ती आठवत होती. शनिवारची संध्याकाळ, पाच चाळीस, एक, दोन, तीन — डोळे बारीक करून ती आठवायला लागली होती. कारण सर म्हणाले होते.

महिना संपताना तिला येऊ नको म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी त्या कामाचं नाव परत काढलं नाही, वर्षभरात ते दुसरीकडे गेले. मी जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवून दिलं, तर संघाच्या सभेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. खरंच झाला. नारळ मी घरी नेला. आईनं वडी केली, मी खाल्ली.

आणि त्याच आठवड्यात मी सीडीवरची ती सेटिंग बदलली. ‘होय’चं ‘नाही’ केलं. जिथे जिथे माझी मशिनं होती तिथे तिथे स्वतः फिरलो — श्रीगोंदा, राशीन, जामखेड — आणि सगळीकडे सुधारित आवृत्ती आली म्हणून सांगितलं. कुठे काही बिघडलं नाही. लोकांनी कौतुक केलं, की विकल्यावरही विचारपूस करणारा माणूस आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात; मला खवखवत होतं म्हणून मी गावं पालथी घालत होतो. जामखेडहून खर्डा किती लांब? पुढची गाडी उभी होती, फलक मी वाचला. मी नगरच्या गाडीत बसलो.

तेरा-चौदा वर्षांनी नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर मला कुणीतरी सर म्हणून हाक मारली. खांद्याला खादीची पिशवी अडकवलेली, केसांत थोडी पांढरी झाक. “वळखलं का सर? सुजाता. दूध संघातली.” बरोबर पाचवी-सहावीतली मुलगी. ती गावाकडे बालवाडीत शिकवत होती. कॉम्प्युटरला पुन्हा कधी हात लावला नाही म्हणाली, भीती वाटते. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा तिला चालवायला सांगितलं होतं, तिनं नको म्हटलं. मी विचारलं नव्हतं. तिनंच सांगितलं.

मुलगी आईची थट्टा करत होती. “आई लई येडी हाय. घरातनं निघताना गॅस तीनदा बगती. कुलूप तीनदा वढती. आज पयली गाडी चुकली आमची तिच्यामुळं.”

सुजाता हसली. मग माझ्याकडे बघून, अगदी साधेपणानं म्हणाली, “तवापासनं सवय लागलीया सर. त्या दिवशी ऱ्हायलंच आसंल माझं. मला आठवतं केल्यालं, पन तुमी म्हनलात म्हंजी ऱ्हायलंच आसंल. डाक्टरांचं किती नुकसान झालं माझ्यापायी. आपल्या डोक्याचा काय भरवसा?”

मी काय म्हणालो? स्टँडवर गर्दी होती, पण आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. अण्णा नव्हते, अध्यक्ष नव्हते, माझं मशीन पळत होतं की रांगत होतं याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मला वाटत होतं मी तिची नोकरी घालवली. तेवढंच नव्हतं घालवलं. तिनं स्वतःच्या हातांनी केलेलं तिला आठवत होतं, आणि ते तिनं माझ्या शब्दाखातर पुसून टाकलं होतं.

मी म्हणालो, “जाऊ द्या हो. जुनी गोष्ट झाली.”

जामखेडची गाडी लागली. तिनं मुलीला मला नमस्कार करायला लावला. वाकून. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वही माझ्या कपाटात आहे, घराच्या कागदांच्या खाली. फेकली नाही, जाळली नाही, दिलीही नाही. वाळवीनं पुठ्ठ्याचा एक कोपरा खाल्लाय, आतली पानं चांगली आहेत. मघाशी लिहायला बसण्यापूर्वी मी ती काढली आणि शेवटची ओळ पाहिली. शनिवारची तारीख. पाच चाळीस. पुढे बरोबरच्या तीन खुणा, निळ्या शाईत, तिसरी जरा घाईनं ओढलेली — गाडी धरायची होती ना. पण आहे. तिन्ही आहेत.